लाल शनिवार : कोच नेमावा तो कसा?



नेब्रास्कात राहायचं आणि फुटबॉलवर बोलायचं नाही, म्हणजे पंढरपुरात राहून वारीचं नाव न काढण्यासारखं आहे. तरी या सदरात तो विषय आजवर आला नव्हता. आपल्या पॉटलकला जेवणं आटोपली, मसालेभाताचं पातेलं रिकामं झालं, की एक घोळका कोपऱ्यात जमतो आणि "या कोचला आता काढलाच पाहिजे" असा ठराव एकमताने पास होतो. कोच कोणीही असो, ठराव तोच. पण काढल्यावर आणायचा कोणाला आणि त्याच्यात बघायचं काय, यावर कोणी दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. "जिंकून देणारा पाहिजे" इथे चर्चा संपते आणि चहा येतो. जिंकून देणारा पाहिजे हे खरंच, पण 'जावई चांगला पाहिजे' म्हणण्याइतकाच त्या वाक्याचा उपयोग आहे. चांगला ओळखायचा कशावरून, हा खरा प्रश्न.

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी थोडी पार्श्वभूमी. हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा. आपल्या राज्य विद्यापीठाचा संघ म्हणजे हस्कर्स, रंग लाल. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममधला घरचा प्रत्येक सामना नोव्हेंबर १९६२ पासून 'हाउसफुल्ल' गेलेला आहे, मग संघ जिंकत असो की हरत असो. सामन्याच्या शनिवारी ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरं सोडली तर राज्यातलं सर्वांत मोठं गाव ते स्टेडियमच असतं. आपल्या गणपतीचा शनिवार ठरवताना समिती आधी हस्कर्सचं वेळापत्रक बघते आणि मग कालनिर्णय. समितीवर ज्यांनी काम केलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता हेड कोच म्हणजे काय? आपल्या डोक्यात कोच म्हटलं की शिवाजी पार्कवरचे आचरेकर सर येतात. एकेका पोराची बॅटवरची पकड बघणारे, चुकलं की तिथेच सुधारणारे. इथला हेड कोच तसा नसतो. त्याच्या हाताखाली शंभरावर खेळाडू आणि सहायक कोचांचा ताफा असतो. शिवाय व्यायामाचे, आहाराचे, अभ्यासाचे, औषधपाण्याचे लोक वेगळे. हायस्कूलमधल्या मुलांना निवडायला तो गावोगाव हिंडतो, त्यांच्या आईबापांसमोर बैठकीच्या खोलीत बसून "तुमचा मुलगा माझ्या हवाली करा" म्हणतो. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची परवानगी मिळाली. विद्यापीठ बदलणंही आता सोपं झालं आहे. आणि २०२५ च्या कोर्टाच्या तडजोडीनंतर विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सगळ्या खेळांची मिळून एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. म्हणजे हेड कोच हा थोडा मुख्याध्यापक, थोडा कारखान्याचा मॅनेजर आणि थोडा वर्गणी गोळा करणारा. २०२२ साली नेमलेल्या मॅट रूल यांचा करार ८ वर्षांचा आणि ७ कोटी ४० लाख डॉलरचा होता. आपल्यातले जे प्राध्यापक आहेत त्यांनी हे वाक्य दुसऱ्यांदा वाचू नये, पित्त वाढतं.

आपण नेब्रास्कावाले या विषयात बोलायला हक्कदार आहोत, कारण कोच नेमण्याचा सर्वांत उत्तम आणि सर्वांत फसलेला, दोन्ही नमुने आपल्याच घरात आहेत.

आधी उत्तम. १९६१ साली संघ ३ जिंकला, ६ हरला, एक बरोबरीत. पुढच्या वर्षी बॉब डेव्हनी आले. ते काही मोठ्या नावाच्या ठिकाणाहून आले नव्हते. बरीच वर्षं मिशिगनमध्ये हायस्कूलच्या मुलांना शिकवत होते आणि त्यानंतर वायोमिंगला पाच हंगाम हेड कोच होते. वायोमिंग म्हणजे माणसं कमी आणि वारा जास्त. तिथे त्यांनी जिंकणारा संघ उभा केला होता. इथे पहिल्याच हंगामात ९ विजय मिळवले, आणि १९७० व १९७१ ला राष्ट्रीय विजेतेपद. मग १९७३ मध्ये त्यांनी गादी आपल्या सहायकाला दिली. ते टॉम ऑस्बर्न, डॉक्टर ऑस्बर्न म्हणायला हवं. शैक्षणिक मानसशास्त्रात त्यांनी याच विद्यापीठातून पीएच.डी. घेतली होती. (प्रयोगशाळेत रात्री जागवलेल्या सर्वांना या वाक्याने बरं वाटावं.)

ऑस्बर्न २५ हंगाम कोच होते. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. एकाही वर्षी ९ पेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. हे आकडे आज लोक आरतीसारखे म्हणतात. पण एक आकडा कोणी म्हणत नाही. पहिली पाच वर्षं ते ओक्लाहोमाकडून दरवर्षी हरले. ओक्लाहोमा म्हणजे तेव्हाचा कट्टर प्रतिस्पर्धी, वर्षाचा तो एकच सामना लोकांच्या लक्षात राहायचा. १९७८ ला पहिल्यांदा जिंकले. राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९९४ मध्ये, म्हणजे बाविसाव्या हंगामात. मग १९९५ आणि १९९७ ला पुन्हा. बावीस वर्षं! आज पाचव्या वर्षीच पॉटलकमध्ये ठराव पास झाला असता.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट जुने लोक अजून सांगतात. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, समोर मायामी. नेब्रास्का त्या मोसमात अजिंक्य आणि देशात पहिल्या क्रमांकावर. शेवटचं मिनिटही पुरतं उरलेलं नसताना आपण टचडाउन केला आणि गुण झाले ३० विरुद्ध ३१. आता साधी किक मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती. तेव्हा बरोबरी तशीच राहायची, आणि बरोबरीवरही विजेतेपद बहुधा आपल्यालाच मिळालं असतं. ऑस्बर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. पासला मायामीच्या खेळाडूचा हात लागला आणि सामना गेला. विजेतेपदही गेलं. एवढ्या पोरांनी वर्षभर जिंकून आणलेलं बरोबरीवर पदरात पाडून घ्यायचं त्यांना पटलं नाही. माझ्या मते या राज्याला त्यांच्यावर पुढची दहा वर्षं जो विश्वास वाटला त्याचं मूळ त्या हरलेल्या सामन्यात आहे.

त्यांच्यावर डागही आहे, तो झाकू नये. १९९५ मध्ये लॉरेन्स फिलिप्स या आघाडीच्या खेळाडूने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीवर हल्ला केला. ऑस्बर्न यांनी त्याला काही सामने बाहेर ठेवलं आणि त्याच हंगामात परत घेतलं. फुटबॉलची शिस्त सुटली तर हा मुलगा पूर्ण वाया जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. पण त्या मुलीचं काय, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला आणि तो योग्यच होता. भल्या माणसालाही विजेतेपद समोर दिसत असताना न्याय करायला बसवू नये, एवढं त्यातून मला कळतं. असा निर्णय कोचच्या हातात असूच नये. तो विद्यापीठाने घ्यावा.

आता फसलेला नमुना. ऑस्बर्न यांच्यानंतर त्यांचेच सहायक फ्रँक सोलिच आले. १९९८ ते २००३ मध्ये ५८ विजय, १९ पराभव. २००१ च्या मोसमाचा अंतिम सामना खेळले. २००२ मात्र ७-७ असं गेलं. २००३ मध्ये ९ जिंकले, ३ हरले आणि त्यांना काढलं! कार्यक्रम सामान्य दर्जाला घसरू देणार नाही, असं तेव्हाच्या ॲथलेटिक डायरेक्टरांनी जाहीर केलं. घसरण म्हणजे काय असते ते त्यानंतर कळलं. सोलिच ओहायो युनिव्हर्सिटीत गेले आणि २००५ पासून सोळा हंगामांत तिथे त्यांनी ११५ सामने जिंकले.

त्यानंतरच्या नेमणुका ओळीने बघा. सोलिच घरचे, जुन्या पद्धतीने पळण्याचा खेळ खेळवणारे. म्हणून आणले बिल कॅलहन. ते बाहेरचे, व्यावसायिक एन.एफ.एल. मधले, संघाला सुपर बोलपर्यंत नेलेले, पास फेकण्याचा खेळ खेळवणारे. पळायला शिकलेल्या पोरांना एका हिवाळ्यात फेकायला लावलं. २००४ ला ५ जिंकले, ६ हरले. १९६१ नंतरचा तो पहिला तोट्याचा हंगाम, आणि सलग ३५ वर्षं बोल सामना खेळण्याची परंपरा तिथे तुटली. कॅलहनच्या काळात बचाव कोसळला होता, म्हणून मग आणले बचावातले जाणकार आणि तापट बो पेलिनी. पेलिनींनी सातही पूर्ण हंगामांत ९ किंवा १० सामने जिंकले, पण मोठ्या सामन्यांत संघ मार खायचा आणि ते मैदानाच्या कडेला सगळ्या देशासमोर आरडाओरडा करायचे. २०१४ ला गेले. तापट नको म्हणून आणले माइक रायली, मृदुभाषी, सगळ्यांशी गोड. तीन वर्षांत १९ जिंकले, १९ हरले. रायली बाहेरचे पडले म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये आणला आपला पोरगा. स्कॉट फ्रॉस्ट, वुड रिव्हर गावचा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. विमानतळावर ओवाळायचंच बाकी होतं.

पाहिलंत? दर वेळी नेमताना एकच गोष्ट बघितली गेली, की हा माणूस मागच्यासारखा नाही ना. दुधाने तोंड पोळलं की आपण ताकही फुंकून पितो, तसं. आधीचा भाडेकरू रात्री रेडिओ लावायचा म्हणून आपण एक अगदी शांत कुटुंब आणतो, आणि तीन महिन्यांनी लक्षात येतं की शांत आहेत खरे, पण भाडंही शांतपणे बुडवतात. मागच्या माणसातला दोष हे पुढच्या माणसाच्या निवडीचं माप होऊ शकत नाही. माप असायला हवं आपण कोण आहोत याचं.

आपण कोण आहोत? वीस लाखांच्या आसपासची वस्ती. टेक्सास किंवा फ्लोरिडासारखी गावोगाव तयार खेळाडूंची पिकं इथे येत नाहीत. हिवाळ्यात इथे येऊन राहा म्हणून दक्षिणेतल्या मुलाला पटवणं सोपं नाही. (आपल्या नातेवाइकांना तरी कुठे पटतं!) आपल्याकडे जे होतं ते वेगळं होतं. शेतांतल्या छोट्या गावांमधली पोरं शिष्यवृत्ती नसताना स्वतःची फी भरून संघात यायची, त्यांना 'वॉक-ऑन' म्हणतात. तीन-चार वर्षं सरावात अंग मोडून घ्यायची आणि चौथ्या-पाचव्या वर्षी खेळायची. जोडीला व्यायामशाळा. बॉइड एप्ली यांना १९६९ मध्ये इथे व्यायामाचे कोच म्हणून नेमलं, तेव्हा असं पदच कॉलेजांमध्ये कोणाला माहीत नव्हतं. आणि अभ्यास. सगळे खेळ मिळून अभ्यासात चमकलेल्या 'अकॅडमिक ऑल-अमेरिकन' खेळाडूंची देशातली सर्वांत मोठी संख्या नेब्रास्काची आहे. म्हणजे हे हळू शिजणाऱ्या डाळीचं घर आहे. इथे तयार माल आणून दुकान लावणारा नको, कच्चा माल घेऊन शिजवणारा पाहिजे. आता २०२५ च्या तडजोडीने संघाची कमाल संख्या १०५ वर आणली आहे, त्यामुळे वॉक-ऑन पोरांची जागा आक्रसली. म्हणजे उरलेल्या जागांवर कोणाला घ्यायचं हे ओळखणारी नजर जास्तच महत्त्वाची झाली.

शिजवणारा ओळखायचा कसा? ज्याने हेड कोच म्हणून कमी सामानात संघ उभा करून दाखवला आहे, आणि तोही एकापेक्षा जास्त ठिकाणी. माझ्या मते यापेक्षा मोठी कसोटी नाही. 'एकापेक्षा जास्त' यावर मी मुद्दाम जोर देते. फ्रॉस्ट सेंट्रल फ्लोरिडाला गेले तेव्हा तो संघ एकही सामना न जिंकता १२ हरलेला होता. दुसऱ्याच वर्षी, २०१७ ला, १३ पैकी १३ जिंकले. थक्क करणारं काम. पण ते एका ठिकाणचं आणि दोन वर्षांचं होतं. आमच्या रसायनशास्त्रात एका फ्लास्कमध्ये एकदा उत्तम उत्पादन निघालं तर आपण आनंदाने पेढे वाटतो, पण त्याला पद्धत म्हणत नाही. दुसऱ्याने, दुसऱ्या बाकावर, दुसऱ्या बाटलीतलं द्रावण घेऊन केलं आणि तेच निघालं, मग पद्धत. आणि चंबूतली क्रिया पाचशे लिटरच्या भांड्यात नेली की निराळंच दुखणं सुरू होतं. भांडं मोठं झालं की आतलं आकारमान घनाने वाढतं आणि बाहेरचा पृष्ठभाग वर्गानेच, म्हणून आत तयार झालेली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. फ्रॉस्ट यांचं तेच झालं. लहान गावच्या लाडक्या पोरावर सगळ्या राज्याच्या अपेक्षांची आच होती. १६ जिंकले, ३१ हरले, आणि एका टचडाउनच्या आतबाहेर सुटलेल्या सामन्यांत ५ विरुद्ध २२. जवळचे सामने इतक्या वेळा हरणं म्हणजे नशीब नव्हे. छोट्या छोट्या गोष्टी रोज कोणी बघत नव्हतं.

उलट इंडियाना विद्यापीठाकडे बघा. मोठ्या विद्यापीठांत तेव्हा सर्वांत जास्त पराभव खात्यावर असलेला संघ, २०२३ ला ३ जिंकून ९ हरलेला. त्यांनी कोणाला आणलं? कर्ट सिग्नेटी, वय ६२. हे गृहस्थ २००७ ते २०१० अलाबामात निक सेबन यांचे सहायक होते. तिथली सुखाची जागा सोडून ते पेनसिल्व्हानियातल्या आय.यू.पी. नावाच्या छोट्या, खालच्या वर्गातल्या कॉलेजात कमी पगारावर हेड कोच झाले. त्यानंतर ईलॉन, त्यानंतर जेम्स मॅडिसन. तिन्ही ठिकाणी एकही तोट्याचा हंगाम नाही. हायस्कूलमध्ये कोणाला किती तारे मिळाले होते हे न बघता ज्याने मैदानावर प्रत्यक्ष काम केलं आहे असा खेळाडू घ्यायचा, ही त्यांची रीत. जेम्स मॅडिसनचे डझनभर खेळाडू बरोबर घेऊन ते आले. २०२४ ला ११ जिंकले, २ हरले. २०२५ च्या मोसमात १६ पैकी १६, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामीला हरवून राष्ट्रीय विजेतेपद. इंडियाना! ज्यांना बास्केटबॉलशिवाय दुसरा देव नव्हता. कोणत्याही मोठ्या विद्यापीठाला हा माणूस त्याच्या आधी दहा वर्षं उपलब्ध होता. बघणाऱ्यांनी फक्त वर्तमानपत्रात ज्यांची नावं येतात त्यांच्याकडेच बघितलं.

हेड कोच म्हणून काम केलेलाच माणूस हवा का? तसंही नाही. १९८३ साली आयोवात हेडन फ्राय यांच्या हाताखाली सहायक म्हणून कोण होते पाहा. बॅरी अल्व्हारेझ, बिल स्नायडर, कर्क फेरेन्त्स. अल्व्हारेझ तर आपल्याच संघातून डेव्हनींच्या हाताखाली खेळलेले. १९९० मध्ये ते विस्कॉन्सिनला गेले, पहिल्या वर्षी १ जिंकले, १० हरले, आणि १ जानेवारी १९९४ ला रोझ बोल जिंकून दाखवला. स्नायडर १९८९ मध्ये कॅन्सस स्टेटला गेले, जिथे आधीची दोन वर्षं एकही विजय नव्हता. १९९८ मध्ये त्यांनी आपल्याला हरवलं, तीस वर्षांत पहिल्यांदा. फेरेन्त्स १९९९ मध्ये आयोवाचे हेड कोच झाले आणि २०२५ च्या मोसमातही तेच होते. तर सहायक घ्यायचा असेल तर त्याचं घराणं बघावं. गाण्यात आपण बघतो तसं. कोणाकडे शिकला, किती वर्षं बसला, आणि गुरूने त्याला नुसता तंबोरा धरायला लावला की मैफलीत गाऊही दिलं. एक-दोन वर्षं झळकलेला, टी.व्ही.वर गाजलेला तरुण सहायक उचलून आणणं म्हणजे रिॲलिटी शोमधला मुलगा रात्रभराच्या मैफलीला बसवण्यासारखं.

आणि नेमल्यावर? करार असा करावा की वेळ देता येईल, पण गळ्यात धोंडा होणार नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने एक राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेले जिम्बो फिशर आणले, पूर्ण पैशाची हमी दिली, काही सिद्ध होण्याआधीच करार लांबवला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना घरी पाठवायला साडेसात कोटी डॉलरहून जास्त कबूल करावे लागले. आपणही मागे नाही. फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं, तेव्हा द्यावे लागले दीड कोटी. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ती रक्कम निम्मी झाली असती. वीस दिवसांचे पंचाहत्तर लाख डॉलर! आमच्या विभागात नवं उपकरण मागितलं की तीन कोटेशनं आणायला सांगतात.

सध्याचे मॅट रूल माझ्या कसोटीत कागदावर बसतात. टेंपलला पहिल्या वर्षी २ जिंकून १० हरले, तिसऱ्या वर्षी १० जिंकले. बेलरला पहिल्या वर्षी १-११, तिसऱ्या वर्षी ११-३. दोन ठिकाणी तीच पद्धत, तेच उत्पादन. इथे मात्र २०२३ ला ५-७, २०२४ ला ७-६ (२०१६ नंतरचा पहिला बोल सामना, आणि तो जिंकलाही), २०२५ ला पुन्हा ७-६. बेरीज करा, १९ विजय, १९ पराभव. म्हणजे रायली यांचाच आकडा. घोळक्याचा ठराव तयार आहे हे मला माहीत आहे. माझं मत थांबावं असं आहे, पण तिसऱ्या वर्षीची ती उडी इथे का आली नाही याचं उत्तर मागत थांबावं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला, तो जरा घाईने वाढवला असं मला वाटतं. दुसरं कोणी पळवून नेईल या भीतीने केलेले करार म्हणजे लग्नसराईत ठरवलेला हॉल.

एक गोष्ट उरली. माझ्या दृष्टीने ती सगळ्यांत आधी बघायला हवी आणि ती बघायला कोणी पैसे मोजत नाही. आपल्या बिग टेनमधल्याच मेरीलँड विद्यापीठात २९ मे २०१८ ला सरावात जॉर्डन मॅकनेर हा १९ वर्षांचा मुलगा धावता धावता कोसळला. उष्माघात. त्यावर उपाय माहीत असलेला आणि स्वस्त आहे. बर्फाच्या पाण्याच्या टबात ताबडतोब बुडवायचं, पहिल्या अर्ध्या तासात. ते झालं नाही. मदतीला फोन करायला तासाहून जास्त वेळ गेला. १३ जूनला तो मुलगा गेला. विद्यापीठाने पुढे कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी मान्य केली. हेड कोचला मात्र ३० ऑक्टोबरला कामावर परत घेतलं आणि लोक संतापल्यावर दुसऱ्या दिवशी काढलं. कोचने स्वतः त्या मुलाला काही केलं असं नव्हे. पण थकलेल्याने थांबू नये, थांबवणाऱ्याने बोलू नये, असं वातावरण मैदानावर असलं तर त्याची किंमत कोणी तरी देतं.

आमच्या प्रयोगशाळेत कालच आलेल्या विद्यार्थ्यालाही एक अधिकार असतो. काही वेडंवाकडं दिसलं तर चालू प्रयोग बंद करायचा. प्रयोग कितीही महागाचा असो, गाइड कितीही मोठा असो. कोचच्या मुलाखतीत मी असते तर हेच विचारलं असतं. सराव थांबवण्याचा अधिकार तुमच्या मैदानावर कोणाला आहे? संघाचा डॉक्टर आणि ट्रेनर तुमच्या हाताखाली आहेत की विद्यापीठाच्या? त्यांनी "हा आज खेळणार नाही" म्हटलं तेव्हा तुम्ही शेवटचं काय केलंत? आणि ही उत्तरं कोचकडून नाही, त्याच्या आधीच्या ठिकाणच्या ट्रेनरकडून आणि न खेळलेल्या, बाकावर बसून राहिलेल्या चौथ्या वर्षाच्या पोरांकडून घ्यावीत. स्टार खेळाडू कोचबद्दल चांगलंच बोलतो.

आपल्या मंडळातही आता फुटबॉल खेळणारी मुलं आहेत. एका घरातला मुलगा गेल्या उन्हाळ्यात हायस्कूलच्या संघात गेला, तेव्हा त्याची आई पालकसभेत उभी राहिली. संघ किती जिंकेल यावर तासभर चर्चा झाली होती. तिने विचारलं, "बर्फाचा टब कुठे ठेवता?" कोच म्हणाले, आतल्या खोलीत आहे. "आणि किल्ली?" किल्ली ऑफिसात होती. पुढच्या सोमवारपासून टब मैदानाच्या कडेला आला, पाण्याने भरलेला. ऑगस्टमध्ये सराव पुन्हा सुरू होतो. ज्यांची मुलं खेळतात त्यांनी एकदा जाऊन बघून यावं.